शाबासकी दिली की कांताबाई घाबरतात

हळदीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला एक माहीत असतं. पूड कितीही झाडा, ती कुठेतरी उरतेच. घड्याळाच्या पट्ट्यात, चपलेच्या अंगठ्यात, मोबाइलच्या कव्हरमध्ये. आमच्याकडचे किस्से तसेच आहेत. मैत्रिणींना एक सांगायला घ्यावा, तर झटकताना दुसराच खाली पडतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावात हळदपूड पाकिटात भरायचं आमचं छोटं युनिट आहे. मी तिथे सुपरवायझर. गेल्या वर्षी मालकांनी मला बोलावलं आणि सांगितलं, की दिवाळीची ऑर्डर वेळेवर निघाली नाही तर ते ऑटोमॅटिक मशीन आणणार. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी आली की बायका खाडे करतात, मशीन करत नाही. मशीन आलं की आम्ही सगळ्या घरी, मीसुद्धा.

मी म्हटलं, "मशीन राहू द्या साहेब. माझ्या बायका माल काढतील."

बोलून तर बसले. आता बायकांना हुरूप आणायचा कसा?

* * *

मालकांनी मला हिंगोलीला एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथल्या सरांनी सांगितलं, की कौतुकानं माणूस फुलतो, रोज एकाला तरी शाबासकी द्या. मला ते मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी कांताबाईंपासून सुरुवात केली. कांताबाई आमच्यात सगळ्यात जुन्या आणि तोंडाने तिखट. मी सगळ्यांसमोर म्हटलं, की तुमच्यासारखं चाळायला कुणाला जमत नाही, तुम्ही आहात म्हणून हे युनिट आहे.

त्यांनी चाळणी खाली ठेवली. दुपारी डबाही उघडला नाही. संध्याकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ताई, सरळ सांगा. मला कामावरून काढून राहिल्या का?"

मी विचारलं, असं का वाटलं तुम्हाला?

"इतकं गोड तर माणसाला निरोप देतानीच बोलतेत."

तेव्हापासून मी त्यांना रोज सकाळी सांगते, की आज चाळलेली पूड जरा जाड पडली. त्या मला चार शब्द सुनावतात आणि खुशीत कामाला लागतात.

* * *

मालकांनाही हुरूप आला. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, की मोठ्या कंपन्यांमध्ये दर महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो भिंतीवर लावतात. त्यांनी कांताबाईंचा फोटो मोठा करून आणला, छान सोनेरी फ्रेम केली आणि दारासमोरच्या भिंतीवर लावला. नुसता बरा दिसेना, म्हणून झेंडूचा हारही घातला!

त्याच दिवशी कांताबाईंचे भाऊ साखऱ्याहून बहिणीला भेटायला आले. दारातून फोटो पाहिला आणि उंबऱ्यावरच बसले. डोक्याचा रुमाल काढून तोंडाला लावला. कांताबाई आतून चाळणी घेऊन बाहेर आल्या, तर त्यांना पाहून ते आणखीच घाबरले.

भावाला पाणी पाजून झाल्यावर कांताबाईंनी हार उतरवला आणि मालकांच्या हातात दिला. "मालक, पुढच्या महिन्याला कुनाचा नंबर हाय? तिच्या घरी आधी कळवून ठेवा."

* * *

मग मी स्पीकर आणला. गाणी असली की हात चालतात, हे मला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. पहिल्या दिवशी कांताबाईंच्या आवडीची भजनं लावली. सगळ्या तल्लीन झाल्या, इतक्या की पाकिटं भरणारे हातही भजनाच्या चालीवर संथ झाले. एक जण तर गोणीला टेकून डोलता डोलता झोपली.

दुसऱ्या दिवशी वंदनाने तिच्या मोबाइलवरची भीमगीतं लावली. वंदना आमच्या सीलिंग मशीनवर बसते. पाकिटाचं तोंड तिच्यासारखं दुसरीला बंद करता येत नाही, बाकीच्यांच्या हातची पाकिटं फुसकन सुटतात. ढोलकी सुरू झाली आणि पाकिटं अशी धावायला लागली, की माझी खोकी पुरेनात.

जेवणानंतर मी न्याय म्हणून पुन्हा भजन लावायला गेले, तर कांताबाईच म्हणाल्या, "देवाचं घरी ऐकू. आता वंदीचंच राहू द्या, हात उचलून नाही राहिला."

* * *

असं करत माल निघत होता. सोंगणी असूनही बायका येत होत्या. ऑर्डर जायला थोडेच दिवस उरले आणि वंदना यायची थांबली.

मी तिच्या घरी गेले. दारात सासूबाई. त्यांचं म्हणणं एवढंच, की सून रोज कोपरापर्यंत पिवळी होऊन घरी येते आणि गल्लीतल्या बाया विचारतात, तुमच्या सुनेचं पुन्हा लगीन हाय का? वंदना आत लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे पाहत होती.

मी वाद घातला नाही. म्हटलं, सासूबाई, एकदा येऊन बघा तरी आम्ही काय करतो ते. मग तुम्ही म्हणाल तसं.

सकाळी त्या खरंच आल्या. एकट्या. पदर खोचला आणि सीलिंग मशीनवर बसल्या. "सून येनार न्हाई. तिच्या बदली मी आले."

त्यांना उठवायची हिंमत माझ्यात नव्हती. कांताबाईंमध्येसुद्धा नव्हती, यावरून समजा. दिवसभर पाकिटं सुटत राहिली आणि संध्याकाळी सासूबाई नखशिखांत पिवळ्या होऊन घरी गेल्या. मालक दारात उभं राहून फोनवर त्या ऑटोमॅटिक मशीनवाल्याशी बोलत होते, तेही मला ऐकू येईल असं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वंदनाला घेऊनच आल्या. म्हणाल्या, "हिला मशीनवर बसवा. मी भरते."

मी भीत भीत विचारलं, गल्लीत कुणी काही बोललं का?

"मला? कुनाची छाती हाय?"

ऑर्डर वेळेवर गेली. गाडी भरून रस्त्याला लागली तेव्हा मालक म्हणाले, की मशीनचं पुढच्या वर्षी बघू. बायका हात धुवून उशिराच्या जेवणाला बसणार, तोच गेटवर एक म्हातारा माणूस दिसला. कडेवर लेकरू, हातात डबा, धोतरावर पिठाचे हात. वंदनाचे सासरे.

ते मला म्हणाले, "बाई, ह्या दोघींपैकी एक तरी घरी पाठवा. भाकरी मी थापली, पर गोल न्हाई झाली."

वंदना उठायला लागली. सासूबाईंनी तिला हात धरून खाली बसवलं, डबा घेतला, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या,

"बरी झाली. उद्या जरा लवकर आणा."