वेतवहिनीचा सोबती

गल्लीत तिला सगळे वेतवहिनी म्हणतात. कचेऱ्यांतल्या खुर्च्यांच्या फाटक्या बैठका ती वेताने विणते. जन्मापासून दिसत नाही, पण खुर्ची कुठे खचली हे तिच्या बोटांना साहेबाच्या बुडाआधी कळतं. वीस वर्षं ती एकटी बसने जाते. कुठे बस कलते, कुठे बेकरीचा वास येतो, सगळं पाठ.

मग कुणा उंटावरच्या शहाण्याने नियम काढला: दिव्यांगांच्या मोफत पासावर प्रवास करायचा, तर सोबती हवा. त्याचा फोटोही पासावर हवा. घरात सोबती एकच, नवरा. तो शीतगृहावर रात्रपाळीचा पहारेकरी. सकाळी कामावरून यायचा तो तसाच वहिनीबरोबर बसमध्ये चढायचा आणि बसताक्षणी घोरायचा. तिला सांभाळायला आलेल्याची मान तिच्याच खांद्यावर! थांबा आला की वहिनी कोपराने ढोसायची, "अहो, उठा. मला सांभाळून उतरवायचंय ना?"

गल्ली पोट धरून हसली. हसू महिनाभर पुरलं. मग नवरा कामावर डुलक्या घेताना सापडला. "पुन्हा दिसलास तर कायमचा झोप घरी," मुकादमाने बजावलं.

वहिनी तडक पासाच्या कचेरीत गेली.

"बाई, नियम तुमच्याच सुरक्षेसाठी आहे," साहेब म्हणाले.

"आणि तिकीट काढलं तर?"

"मग जा की एकट्या."

"म्हणजे तिकीट हातात आलं की मला दिसायला लागतं?"

साहेबांनी फायलीत तोंड खुपसलं. "अर्ज ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी नवरा चपला घालायला लागला, तर वहिनीने त्याला अंथरुणाकडे ढकललं. "झोपा मुकाट्याने. नोकरी गेली तर हा साहेब येणारे का चूल पेटवायला?" आणि निघाली एकटी.

बसमध्ये कंडक्टरने पास पाहिला. "सोबती कुठाय?"

"झोपलाय."

"मग तिकीट काढा, नाहीतर उतरा."

"दोन्ही नाही."

घंटी वाजली, बस थांबली. मागून एक गृहस्थ कुरकुरले, "काढा ना हो तिकीट, आम्हाला उशीर होतोय."

"काका, तुमचा सोबती कुठाय?"

"मला कशाला सोबती?"

"तेच म्हणतेय मी!"

वैतागलेला ड्रायव्हर पुढून ओरडला, "अरे, सोबती म्हणून माझं नाव लिही! अख्खा रस्ता डोळे उघडे ठेवूनच असतो मी."

बस खदखदून हसली. वहिनी मात्र हसली नाही. "नको, दादा. आज तुम्ही आहात, उद्या कुणापुढे हात पसरू? माझ्या नावाचा पास आहे. मी बसलेय."

कंडक्टरने रागारागाने तक्रारवहीत तिचं नाव लिहिलं. "नीट लिहा," ती म्हणाली, "एकटी होती म्हणून लिहा."

पाऊण तासाने बस हलली. कामाच्या कचेरीत वहिनी उशिरा पोचली, बोलणी खाल्ली आणि फाटक्या खुर्चीतला जुना वेत खसाखसा उपसायला लागली. उद्या पुन्हा त्याच बसने, एकटीच यायचं, हे तिचं ठरलं होतं.