खांदा मोजला, मनगट राहिलं

शुक्रवारी सकाळी सहाला दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले उतरलो. प्रवासाची सुरुवातच दमून झाली. जायचं होतं लुसैलला, दोह्याच्या उत्तरेला वसवलेल्या नव्या शहरात. काम एकच, हाताला सोसेल असं हँडल शोधायचं.

मी चार वर्षं इथं कतारमध्ये आहे. लुसैलच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतो आणि दुसऱ्यांचे तपासतो. आठवडाभर कंपनीच्या बसने जातो, कंपनीच्या बसने येतो. शुक्रवारची सायकल तेवढी माझ्या मर्जीने चालते. पण दोन महिन्यांपासून अर्धा तास चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. गेल्या मंगळवारी ऑफिसात चहाचा कप हातातून निसटला, तो सरळ नकाशावर. सगळ्यांनी पाहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून बघितली आणि सांगितलं, "हँडल बदला, नाहीतर सायकल सोडा. तुमचं पोट या हातावर आहे."

आता हे हँडल निवडलं कुणी? मीच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. काही घ्यायचं तर आधी वाचतो, मोजतो, तक्ता करतो. पंधरा दिवस वाचून, टेपने खांद्याची रुंदी मोजून, सरळ, रुंद, काळं हँडल मी बसवून घेतलं होतं. दिसायला फक्कड. त्याच्यावर वाकून बसलं की माणूस कुठंतरी निघालाय असं वाटायचं.

समुद्राकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. नोव्हेंबरात इथली हवा माणसात येते. लाकडी होड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, आणि पलीकडचे मनोरे धुळीत अर्धे पुसल्यासारखे दिसत होते. बघण्यासारखं सगळं होतं, पण माझं लक्ष करंगळीकडे. मुंग्या आल्या. हात झटकला, मुठी उघडल्या-मिटल्या. लुसैलला पोचेपर्यंत ती दोन बोटं माझी राहिली नव्हती.

सायकलींचं दुकान बंद. चार वर्षं या देशात राहून मी विसरलो होतो की शुक्रवारी दुकानं दुपारच्या नमाजानंतर उघडतात. काचेच्या दारापाशी नेपाळी पहारेकरी उभा होता.

"कब खुलेगा?"

"डेढ बजे, सर." त्याने माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं. "बहुत जल्दी आ गए."

साडेपाच तास. सावलीतल्या बाकावर बसून डब्यातल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, जरा डुलक्या काढल्या. कुणी उठवलं नाही. नव्या शहराचं एक बरं असतं, तिथं कुणी कुणाला ओळखत नाही.

दुकान एकदाचं उघडलं. आत थंडगार, भिंतीवर हँडलं टांगलेली, मोराच्या पिसाऱ्यासारखी. फिलिपिनो विक्रेता फार अदबीने बोलत होता. त्याने बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं एक हँडल दाखवलं. "सर, यात हात ठेवायला तीन जागा मिळतात." जागच्या जागी उभ्या केलेल्या सायकलवर मला बसवलं. पाच मिनिटं बरं वाटलं. पण पाच मिनिटं तर माझं जुनं हँडलही बरं वाटायचं.

कोपऱ्यात एक हँडल होतं, दोन्ही टोकं मागे वळलेली, चालवणाऱ्याच्या मांड्यांकडे येणारी.

"ते?"

"ते आरामाचं आहे, सर. वयस्कर लोक घेतात." तो हसला. "तुम्ही तर खेळाडू दिसता."

मी खेळाडू नाही, पण ऐकायला गोड लागलं. ते हँडल नको वाटण्याचं खरं कारण दुसरंच होतं. तसल्या हँडलवर माझ्या वडिलांनी परांड्याच्या आसपासची गावं पालथी घातली होती. मागे पेटी, हँडलला लोंबणारे बर्नर, आणि तोंडात "स्टो रिपेर!" पहिल्या पगारात मी त्यांना मोपेड घेऊन दिली आणि ती सायकल भंगारात घातली. तेच हँडल मी दोह्यात परत हातात धरू? विचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. काहीच न घेता.

परतीला हात आणखी लवकर मेला. एका दौवारपाशी (चौकातल्या गोल बेटापाशी) पुढची गाडी थांबली, मी ब्रेक दाबायला गेलो, आणि बोटं मिटलीच नाहीत. सायकल कडेला वळवली, कठड्यावर आपटली आणि मी फुलांच्या ताज्या वाफ्यात आडवा. लागलं फारसं नाही. हँडल मात्र एका बाजूला वाकलं होतं.

एक पांढरी पिकअप थांबली. काच खाली आली.

"भैया, लगा क्या?"

"आई गं," मी एवढंच म्हणालो.

"आयला, मराठी!" माणूस उडी मारूनच उतरला. "कुठलं गाव?"

"परांडा."

"मी करमाळ्याचा! शेजारीच की. आवं पाव्हणं, एवढ्या लांब येऊन फुलात कशाला पडायचं? तिकडं काय जागा नव्हती का?"

त्याचं नाव दत्ता. बांधकामाचं सामान पोचवतो, आणि बायकापोरं करमाळ्यालाच. मी बोटांचं सगळं सांगितलं, लुसैलच्या दुकानाचंसुद्धा.

"लुसैलात हँडल?" त्याने सायकल मागे टाकली. "यल्ला, चला. एशियन टाउनपाशी कोकणातलं एक म्हातारं हाय. आमच्या लेबर कॅम्पातली समदी पोरं त्याच्याकडंच जात्यात."

इंडस्ट्रियल एरियातलं एशियन टाउन म्हणजे कामगारांचं मार्केट आणि सिनेमा, आणि शुक्रवारी दुपारनंतर माणसांचा महापूर. धुतलेले शर्ट घालून गटागटाने फिरणारी, घरी व्हिडिओ कॉलवर बोलणारी माणसं. त्यामागच्या गल्लीत इस्माईलभाईंचं दुकान, एका शटरएवढं. दारात तीसेक सायकली ओळीने उभ्या. इस्माईलभाई मंडणगडचे, पांढरी दाढी, हाताला ग्रीस. दत्ताने माझी ओळख करून दिली ती अशी:

"चाचा, इंजिनियरसाहेब हायत. कागदावर इमारती उभ्या करत्यात, पर सायकल उभी ऱ्हाईना."

"काय झाला?" त्यांनी मला विचारलं.

मी तक्त्यासकट सांगायला लागलो. खांद्याची रुंदी इतकी, हँडलची रुंदी इतकी, सीटची उंची इतकी. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि पालथ्या क्रेटकडे बोट केलं. "बस हयं. डोले मिट."

मिटले. त्यांनी माझ्या दोन्ही मुठीत वीतभर पाइपाचा एकेक तुकडा दिला. "आता हात पुढं कर. सायकल धरतस तसा नको, ढिला. झोपेत करशील तसा."

केले.

"उघड आता. बघ."

मी पाहिलं. पाइप एका रेषेत नव्हते. आतली टोकं पुढे गेली होती, बाहेरची माझ्याकडे वळली होती. घराच्या छपराला जसा उतार असतो तसा.

"हात काय सांगतो ता बघ," ते म्हणाले. "तुझा हँडल सरळ. म्हणजे दर शुक्रवारी तू मनगट पिळतस, आन् वर अंगाचा सगला भार करंगळीच्या बाजूवर टाकतस. बोटा मरतील नाय तर काय?" मग जरा थांबून, "शिकलेला दिसतस. खांदा मोजलास. मनगटाला इचारलास नाय."

दत्ता इतका मोठ्याने हसला की दारातल्या दोघांनी वळून पाहिलं. मला राग आला. पण पाइप अजून माझ्या हातातच होते, आणि तिरकेच होते.

इस्माईलभाईंनी आतून हँडल आणलं. मागे वळलेलं. मी म्हणालो, "हे तर स्टोवाल्याचं."

"कुणाचा पण असू दे," ते म्हणाले. "हात तुझाच हाय."

दुसरं काही आहे का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भंगाराचा दिवस आठवला. सायकल देण्याआधी वडिलांनी पाना घेऊन हँडल तेवढं काढून घेतलं होतं. मी विचारलं, मोपेडला ते काय कामाचं? ते म्हणाले, "हातात बसलंय." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

"बसवा," मी म्हणालो.

नवं हँडल मधे जरा बारीक पडत होतं, म्हणून त्यांनी पत्र्याची पट्टी गुंडाळून ते घट्ट आवळलं. ब्रेक, गिअर जुनेच. पाऊण तासात काम खलास. दत्ता म्हणाला, मन्सूऱ्यापर्यंत सोडतो. अंग ठणकत होतं, डोळे मिटत होते, पिकअपची सीट मऊ होती.

"नको," मी म्हणालो. "आजच कळलं पाहिजे. वाटेत बोटं मेली तर सायकल चाचांनी विकून टाकायची."

"आन मेली न्हाईत तर?"

"तर पुढच्या शुक्रवारी चटणी-भाकरी माझ्याकडे."

"भाकरी करता येती का इंजिनियरला?"

"येते."

"मग मी त्या हँडलला दुवा देतो," म्हणत दत्ता गाडीत बसला. इस्माईलभाईंना मी शुक्रन म्हणालो. त्यांनी पुढची सायकल ओढलीसुद्धा होती.

परतीच्या रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. ट्रक, धूळ, भिंती, पुन्हा ट्रक. सूर्य पाठीमागे, माझी सावली पुढे, आणि त्या सावलीची बसण्याची ढब थेट वडिलांची. ताठ पाठ, कोपरं अंगाजवळ. अर्धा तास झाला. मी करंगळी हलवून पाहिली. हलली. पाऊण तास झाला. असं ताठ बसायची सवय नसल्याने दंड दुखायला लागले, मानही आखडली. पण मुंग्या नाहीत. शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या सिग्नलला थांबून फोनने त्या हँडलचा कोन मोजला आणि लिहून ठेवला.

मन्सूऱ्यात शिरताना दिवे लागत होते. इमारतीखालच्या टपरीवर करक (वेलदोडा घालून आटवलेला दाट चहा) घेतला आणि वडिलांना फोन लावला.

"ते जुनं हँडल आहे का हो अजून?"

"हाय की. न्हाणीत अडकवलंय, टावेल वाळत घालाया. का?"

"असू द्या. टाकू नका."

"टाकतंय कोण," ते म्हणाले. "जेवला का?"

नाही म्हणालो. कप कागदाचा होता, काठोकाठ भरलेला, उजव्या हातात. लिफ्ट अजून बंदच होती आणि तीन मजले चढायचे होते. चहा कडक गरम होता. करंगळी भाजत होती. मी हात बदलला नाही.