फाटकाबाहेरची उदबत्ती

धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हमरस्त्यालगत एक जिनिंग आहे. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचं काम. तिथे मी कामगार अधिकारी. भरती कमी, चौकश्याच जास्त. माणसाला बडतर्फ करायचं मालक ठरवतात, पण त्याला समोर बसवून सांगायचं माझ्या वाट्याला येतं. या कामाचा मला वीट आलाय, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा आगीचा. मारामारी केली तर ताकीद मिळते, आत काडी ओढली तर नोकरी जाते. कापसाची आग आतल्या आत धुमसते, बांधलेल्या गाठीच्या पोटातसुद्धा निखारा जिवंत राहतो. म्हणून फाटकावर पत्र्याचा डबा ठेवलाय. आत शिरताना बिडी-काडी त्यात टाकायची, सुटताना उचलायची.

आबा आमचे जुने फिटर. सरकी काढणारे सगळे रेचे त्यांच्या ताब्यात. रोज सकाळी ते पहिल्या रेच्यापुढे उदबत्ती लावत. एका हंगामात कापसाची गंजी पेटली, तेव्हा मालकांनी रेच्याजवळचा देवाचा फोटो फाटकापाशी हलवला आणि त्याला विजेचा दिवा लावला. आत उदबत्ती बंद. आबांनीही मान डोलावली. नेमकी त्याच दिवशी रेच्यांवर काम करणाऱ्या बायांतल्या एका अक्काची बोटं रेच्यात गेली.

तेव्हापासून आबा टोपीत काडेपेटी लपवून आणू लागले. अर्ध्या बटाट्यात उदबत्ती खोचायची, खाली पाण्याची ताटली ठेवायची आणि ती विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. नवा मॅनेजर आला आणि त्याने पाहिलं.

चौकशीत मी आबांना म्हणालो, "आबा, पुन्हा लावणार नाही एवढं लिहून द्या. चार दिवस घरी बसवतो आणि मिटवून टाकतो." सुंठीवाचून खोकला जाईल, असं मला वाटत होतं. मागे गोदामात बिडी ओढताना सापडलेला एक जण आईची शपथ घेऊन, माफी लिहून सुटला होता. तो आजही कामावर आहे आणि आजही ओढतो.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "खोटं लिखीसन काय करू साहेब? सकाय परत लावसू."

"अहो, नोकरी जाईल."

"जाई ते जाई. पन आखो कोन्हा हात गया ते?"

आणखी कुणाचा हात जाईल, हीच त्यांची धास्ती. नियम चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. हवेत उडणाऱ्या रुईच्या तंतूला ताटलीतलं पाणी दिसत नसतं. आबांची चूक होती आणि ती गंभीरच होती. तरी बडतर्फीचा कागद मी त्यांच्यापुढे सरकवला तो मान खाली घालूनच. चिडलोही त्यांच्यावर. एवढा हट्ट कशाला, दोन ओळी खोट्या लिहायला काय जात होतं या माणसाचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या निंबाखाली उभे. तोच बटाटा, तीच ताटली. तिथे आमचा नियम पोचत नाही. मग रोजच बाया आत येण्याआधी तिकडे वळायच्या, आबा त्यांच्या कपाळाला अंगारा लावायचे. बोटं गेलेली अक्का सगळ्यांत पुढे. मॅनेजर कपाळाला आठ्या घालून काचेतून बघायचा, पण बोलायचा नाही, कारण अंगारा लावल्याशिवाय एकही बाई रेच्याला हात लावत नव्हती.

मीही जायचो. आबा विचारायचे, "मशीन नीट चाली ऱ्हायनं ना?" मी हो म्हणायचो. त्यांची जागा अजून रिकामीच होती. मला वाटायचं, देवाचं काम म्हणून येतात.

जळगावहून नवा फिटर आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आबांनी अंगाऱ्यात बोट बुडवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "साहेब, मन्हा जागावर कोनी उना का?"

मी म्हणालो, "हो आबा. काल."

त्यांनी मान हलवली. माझ्या कपाळाला नेहमीसारखा अंगारा लावला, उदबत्ती पूर्ण विझेपर्यंत थांबले, ताटलीतलं पाणी निंबाच्या बुंध्याशी ओतलं. दुसऱ्या दिवशी बाया बराच वेळ निंबाखाली उभ्या राहिल्या. आबा आले नाहीत.