शेकाट्याची अंडी आणि पश्चिमेचा काठ

त्या दुष्काळात नेकनूरच्या पलीकडच्या तळ्यात मोहनराव कमरेइतके रुतले, ते निव्वळ दयाबुद्धीमुळे. मोहनराव मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव. तळं आटून मधोमध डबकं उरलेलं; त्यातले मासे मरायच्या आत ओढजाळ टाकायचं म्हणून सभासद काठावर जमले होते. एवढ्यात काळ्या पंखांचा, लांब तांबड्या पायांचा एक शेकाट्या पंख मोडल्यासारखा चिखलात लोळू लागला. मोहनराव त्याला उचलायला धावले. पक्षी थोडा पुढं लोळला, मोहनरावही पुढं सरकले. चिखल कमरेला लागला तसा पक्षी ठणठणीत उडाला आणि वरून त्यांच्यावरच खेकसू लागला.

बायनाबाईंनी दोर फेकून त्यांना बाहेर काढलं. बायनाबाई संस्थेतल्या पहिल्या बाई सभासद. जाळं विणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि बोलण्यात तर कोणी धरायला जातही नाही.

"फशिवलं की सायेब तुमाला! अंडी हायती त्याची. माणसाला लांब न्यायला असं सोंग करतंय ते."

अंडी खरंच होती. चार, मातकट, आणि नेमकी पूर्वेच्या काठावर, जिथं मासे न्यायचा टेम्पो उभा होता आणि जिथून जाळं ओढायचं होतं.

"जाळं पश्चिमेनं काढायचं," बायनाबाईंनी जाहीर केलं.

"काय बोलता काकू!" तरण्या सभासदांतला बिभीषण उसळला. "तिकडं लई गाळ हाय. पाट्या डोक्यावर घिऊन तळ्याला वळसा कोण घालनार?"

"तू. रोज तालमीच्या गप्पा हानतूस न्हवं?"

"आन् तवर मासे मेले तर?"

"मरायच्या आत वढू. अंड्यावरच्या पाखरापुढनं जाळं न्यायचं न्हाई, ही आमा भोयांची रीत हाय. तुमची संस्था काल झाली."

एवढं बोलून त्यांनी कासोटा खोचला, दोर खांद्यावर घेतला आणि एकट्याच गाळात उतरल्या. साठीची बाई ओढतेय म्हटल्यावर तरण्यांना काठावर उभं राहणं जड गेलं. आधी म्हाळू उतरला, मग बाकीचे. शेवटी बिभीषणही उतरला. तोंडानं कुरकुरत, पण सगळ्यांत जोरात ओढत.

जाळं पश्चिमेला लागलं तेव्हा मासे जिवंत उड्या मारत होते. पलीकडं शेकाट्या लांब पाय दुमडून पुन्हा अंड्यांवर बसला होता.

मोहनरावांचा ऊर भरून आला. असा सभासद अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या संस्थेकडं असेल? ते काठावरूनच ओरडले, "बायनाबाई, पुढच्या सभेत शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करणार!"

बायनाबाईंनी मानही वर केली नाही. "सत्कार ऱ्हाऊ द्या, एक पाटी उचला."