लीलाबाईंचा उजवा खांदा

गारखेड्यात घराला रंग द्यायचा म्हटलं की बरेच जण लीलाबाईंना फोन करतात. पन्नाशी उलटलेली ही बाई लाकडी घोड्यावर उभी राहून छत रंगवते, आणि खाली फरशीवर थेंब पडू देत नाही. वीस वर्षं त्यांनी छताला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. सून मोनाली सोबत असायची, पण तिनं भिंती घासायच्या, भेगांत लांबी भरायची, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात उजवा खांदा ठणकायला लागला. बाम झाला, शेक झाला. शेवटी हात वरच जाईना; पोलकं घालायलासुद्धा मोनालीला हाक मारावी लागे. एक्स-रेत कळलं, खांद्याच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत कॅल्शियमचा खडा झालाय. डॉक्टरांनी शॉक वेव्ह सांगितली.

"करंट देतेत का वं?" लीलाबाईंनी फिजिओथेरपिस्ट प्रेरणाला विचारलं.

"नाही मावशी, नुसते बाहेरून ठोके. त्यानं शरीर तो खडा हळूहळू जिरवायला लागतं. दुखेल मात्र. सोसलं नाही तर सांगा, जोर कमी करते."

जेल लावून तिनं यंत्राचं टोक खांद्यावर टेकवलं. टकटकटक असे ठोके थेट हाडापर्यंत गेले. लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण अंग हललं नाही.

"कमी करू?"

"नगं. चालू दे."

आठवड्याला एक, अशा चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस खांदा आणखीच पेटला होता. तेही त्यांनी काढलं. जड गेलं ते प्रेरणाचं एक वाक्य, "तीन महिने छत बंद."

दोन खोल्यांच्या कामाचा शब्द दिलेला होता. लीलाबाईंनी रोलर मोनालीपुढं धरला. "चढ."

"आत्याबाई, मला नाय जमायचं."

"मलाबी कुठं जमत व्हतं? चढ."

पहिलं छत पट्ट्यापट्ट्यांचं झालं. लीलाबाई खाली घोडा धरून उभ्या होत्या. ओठावर आलेलं त्यांनी गिळलं. "वाळू दे. दुसरा हात मारू. आन् उजेडाकडं तोंड करून उभी ऱ्हा, म्हंजी पट्टा दिसतो."

दुसऱ्या खोलीचं छत बघून घरमालकीण म्हणाली, "छान झालंय हं, लीलाबाई."

"माझं नाय, सुनंचं हाय," लीलाबाई लगेच म्हणाल्या.

घरी करायला सांगितलेला व्यायाम त्यांनी एक दिवस चुकवला नाही. हात आधी कानापर्यंत गेला, मग सरळ वर. तीन महिन्यांनी काढलेल्या नव्या एक्स-रेत खडा जवळजवळ दिसेनासा झाला होता. "बेतानं सुरू करा," प्रेरणा म्हणाली. "थकलात की थांबायचं."

पुढच्या कामावर त्यांना घोड्याकडं येताना पाहून मोनाली उतरायला लागली.

"उतरू नको. पल्याडून तू, अल्याडून मी."

निम्मं छत होत आलं तेव्हा लीलाबाईंचा हात भरून आला. त्या थांबल्या, सावकाश खाली उतरल्या. "ऱ्हायलेलं तू घे," एवढंच म्हणून पाणी प्यायल्या, आणि वर न बघता ब्रश धुवायला बसल्या.