शेवटच्या नळाचं पाणी

फिल्टरवाले आबा कुणाच्याही घरी पाणी प्यायच्या आधी तांब्या नाकाशी धरत. वास आला तर गटागटा पीत, नाही आला तर तांब्या तसाच खाली ठेवत. बायकांना राग यायचा. "आबा, इख घातलंय व्हय आमी?" माझी वहिनी एकदा म्हणाली. आबा हसले. "पावडरीचा वास आला म्हंजी पाणी राखलेलं हाय, सूनबाई. बिनवासाच्या पाण्याचंच मला भ्या वाटतं."

डिंगोऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर तीसेक घरं. सरकारी नळ आला नव्हता, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या विहिरीवर टाकी बांधून घरोघर नळ दिले. आबा वस्तीच्या टोकाला, बौद्धवाड्यात राहत. शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टर प्लँटवर उभी हयात नोकरी करून ते गावी परतले होते. टाकीचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

रोज सकाळी ते बादलीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर कालवत, गाळ खाली बसू देत आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडत. मग सायकलवर टांग टाकून वस्तीच्या अगदी शेवटच्या घरी जात. तिथल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत. पाणी पिवळं झालं, की पावडर तिथवर पोचली. "टाकीपाशी कुणीबी तपासील," ते म्हणत. "शेवटच्या नळाला पिवळं आलं, तरच समदी वस्ती सुखात." अधूनमधून ते पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेत. एसटीत ती बर्फातली बाटली तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसत.

माझं लग्न निरगुडसरला ठरलं. बैठकीला आलेल्या पाहुण्यांनी चहाला औषधाचा वास येतो म्हणून नाकं मुरडली, ते अण्णांच्या मनाला लागलं. लग्नाला दोन दिवस उरले असताना त्यांनी आबांना ओट्यावर बोलावलं. मी आत हळद लावून बसले होते. सगळं ऐकू येत होतं.

"आबा, लगीन पार पडंस्तवर पावडर बंद ठेवा."

"अण्णा, वस्तीवर एवढी माणसं येणार. आत्ताच तर पावडर पायजे."

"विहीर आमची हाय," अण्णांचा आवाज चढला. "सांगितलं तेवढं करा."

आबा ओट्यावरून उठले. संध्याकाळपर्यंत घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत राहिले. लग्नघाईत कोण उकळतंय? लग्न झाल्यावरही पाहुण्यांची ये-जा चालूच राहिली आणि पावडर बंदच.

मांडवाचा खांब रोवताना जमिनीतल्या पाइपाला तडा गेला होता. पाहुण्यांसाठी जवळच खणलेल्या संडासाच्या खड्ड्यातली घाण त्यात झिरपली. पावडर चालू असती, तर ती त्या घाणीतच संपली असती आणि शेवटच्या नळाला पिवळं आलं नाही, हे आबांना त्याच दिवशी कळलं असतं. ते कळलं महिन्याभरानं, घरोघर माणसांचे डोळे पिवळे झाले तेव्हा. बाकीचे हळूहळू उठले. वहिनीला सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, डॉक्टर म्हणाले. तिला पुण्याला नेलं. ती आणि पोटातलं बाळ, दोघंही परत आली नाहीत.

दहाव्यानंतर आरोग्य खात्याचे साहेब चौकशीला आले. तोवर आबांनी एकट्यानं जमीन उकरून तडा शोधला होता. "पाण्याचं कोण बघतं?" साहेबांनी विचारलं. आबा पुढं झाले. "पावडर का बंद होती?" अण्णा समोरच खाली मान घालून बसले होते. दहाव्यासाठी माहेरी आलेली मी दारात उभी होते.

"माझी चूक झाली, साहेब," आबा म्हणाले.

साहेब त्यांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. वस्तीनंही मग दोष त्यांनाच दिला. मी तोंड उघडलं नाही आणि सासरी परत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून आबा पुन्हा टाकीवर चढू लागले, ते हातपाय चालेनासे होईपर्यंत. आमच्या ओट्यावर मात्र ते पुन्हा बसले नाहीत.

दहाएक वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी भेटायला गेले. म्हटलं, "आबा, त्या दिवशी अण्णांचं नाव का नाही घेतलं?"

"घरात मयत झालेली, पोरी. तवा काय नाव घ्यायचं?" मग म्हणाले, "आन् चूक माझीबी व्हतीच. म्या हटून बसायला पायजे व्हतं. पर 'विहीर आमची' म्हटल्यावर माझं तोंडच मिटलं. माझी आय त्याच विहिरीच्या काठाला, कुणी वरनं पाणी वाढील म्हणून दिवस दिवस उभी ऱ्हायची. ते डोळ्याम्होरं आलं बघ."

पंधरवड्यात आबा गेले. त्यांच्या शोकसभेला सगळी वस्ती जमली होती, म्हातारे अण्णासुद्धा. मी उठले आणि हळदीच्या दिवशी आत बसून जे ऐकलं होतं, ते सगळं सांगितलं. मग अण्णा काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"खरंय," ते म्हणाले. "म्याच बंद करायला लावली व्हती."

एवढंच बोलून ते खाली बसले. ज्या माणसानं हे ऐकायला हवं होतं, त्याचा फोटो समोर होता.