ड्रमचं झाकण कुणी लावलं

...आणि तो जुना फोटो टाकायच्या आधी मला एकदा विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या आपल्या जुन्या गल्लीचा ग्रुप, त्यात मीही आहे. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली जी पाटी लागणार आहे तिच्यावर नाव एकटीचं... वर्षा मॅडम. खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

मी चौथी शिकलेली बाई. लिहायला वेळ लागतो, चुका काढत बसू नका. आज लिहिणारच.

आता तुम्ही परत वर्गणी काढताय. सुका पाला, करवंट्या यांचा कोळसा करून मातीत पुरायचा, म्हणजे हवेतला कार्बन जमिनीत राहतो... बायोचार म्हणतात म्हणे. काम चांगलं आहे. पण हे आपल्या गल्लीत अठ्ठ्याण्णव सालीच झालंय, आणि कसं झालं ते मला विचारा.

तेव्हा कोपऱ्यावर माझी इस्त्रीची गाडी होती. सहा वर्षं सगळ्या गल्लीचे कपडे केले आणि गल्ली मला इस्त्रीवालीच म्हणायची. वर्षा पुण्याहून आली, नवरा कॉम्प्युटर कंपनीत... आठ महिन्यांत म्हाताऱ्या रामण्णांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला मॅडम म्हणायला लागले. माझी जळजळ व्हायची. खोटं कशाला सांगू.

पहिल्याच दिवशी तिने मला नाव विचारलं होतं. शेवंता, म्हटलं. तेव्हापासून शेवंताक्का म्हणायची. मला त्याचाही राग यायचा.

रोज सकाळी गल्लीत पाल्याचे ढीग पेटवायचे. माझी सुमी चार वर्षांची, गाडीशेजारी गोणपाटावर बसलेली. धूर आला की तिला दम लागायचा, बरगड्या दिसायच्या.

वर्षाने नवऱ्याच्या ऑफिसातून कसलेसे इंग्रजी कागद आणले आणि घरोघर फिरली. पाला जाळायचा नाही, ड्रममध्ये त्याचा कोळसा करायचा आणि नव्या रोपांच्या खड्ड्यात घालायचा. धूर आकाशात जाण्यापेक्षा मातीत राहू दे, म्हणायची. वर्गणीतून ड्रम आला, होंगेची रोपं आली. सगळ्यांनी दिली, मग मीही दिली.

पहिल्या रविवारी सगळी गल्ली बघायला. तिने छान जाळ केला आणि विझेपर्यंत ड्रम उघडाच ठेवला. राख झाली. दुसऱ्या रविवारी राख... तिसऱ्याही.

मी समोर इस्त्री फिरवत बघत होते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळी काम संपलं की इस्त्रीतले निखारे मी पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि झाकण गच्च लावायचे. निखारा गुदमरून विझतो, कोळसा उद्याला उरतो. डबा उघडा राहिला तर सकाळी नुसती राख... एवढं साधं.

मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. हातात इंग्रजी कागद आणि ड्रममध्ये राख... मला बरं वाटत होतं.

चौथ्या रविवारी ड्रम पेटलेला असतानाच रामण्णा म्हणाले, "साकु, मॅडम, साकु! पुरे झालं आता. ड्रम भंगारात देऊन टाकू." लगेच कुणीतरी कोपऱ्यात जुन्यासारखा पाल्याचा ढीग पेटवला. सुमी खोकायला लागली. वर्षा ड्रमपाशी नुसती उभी.

मग मला राहवलं नाही. दया वगैरे म्हणू नका... डोक्यात तिडीक गेली. गाडी तशीच सोडून गेले. करवंट्या आतपर्यंत लाल झाल्या होत्या, जाळ खाली बसत होता. झाकण आपटलं, कडेने ओली माती थापली. वर्षाला स्वल्प ढकललंही असेन.

परत येऊन बघते तर इस्त्री शर्टावरच. शर्ट तिच्याच नवऱ्याचा, ऑफिसचा, पांढरा... पाठीवर तिकोनी डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं. काळाभोर कोळसा, हातात घेतला तर खणखण वाजणारा. गल्लीने वर्षाला घेरलं, फोटो निघाला. तोच हा फोटो. नीट बघा, डाव्या कडेला अर्धी गाडी दिसते. मी तिच्यामागे वाकले होते... मुद्दाम.

संध्याकाळी ती कपडे न्यायला आली. शर्ट उलगडला, डाग बघितला, परत घडी घातली.

एवढंच म्हणाली, "शेवंताक्का, पुढच्या रविवारपासून झाकण तुम्हीच लावा. कुणी शिकवलं ते मी सगळ्यांना सांगते."

मी म्हटलं, "मला वेळ नाही. आणि माझं नाव कुठे घ्यायचं नाही."

म्हणजे नाव मीच नको म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, मग भांडतेस कशाला. भांडते, माझी मर्जी.

पाला जाळणं हळूहळू बंद झालं. सुमीचा खोकला गेला. झाडं एवढी वाढली की पुढे कितीतरी वर्षं माझी गाडी त्यातल्याच एका होंगेखाली उभी राहायची... सावली सगळ्यात जास्त मीच खाल्ली.

तर वर्षा, तू या ग्रुपमध्ये आहेस. वाचतेस, मला निळ्या खुणा दिसतात. पाटीवर नाव तुझंच राहू दे, मला जळायची सवय आहे.

मला फक्त एक सांग. त्या दिवशी झाकण लावताना माझा हात कुठेच अडखळला नाही. संध्याकाळी शर्टाची घडी घालताना तुला कळलेलं होतं का... की मला हे पहिल्या रविवारपासून येत होतं, आणि पोरगी खोकत असताना मी तोंड मिटून बसले होते?

कळूनही तू मला अक्का म्हणत राहिलीस का?

पाटी रविवारी लागणार. मला शनिवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. हात जोडलेलं चित्र पाठवू नकोस. लिही.